आत्ता पाहणारे: सात

अकरा वर्षं मी त्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशी बसले,
दोरखंडाच्या जुन्या कारखान्यात, आउरा नदीच्या काठी.
लाकडी खुर्ची, एक पाय किंचित आखूड
(खुर्चीचा, माझा नव्हे),
आणि काम एका ओळीचं:
पडद्याला कुणी हात लावू नये.
कुणी कधी लावला नाही.
लोक विचारायचे, टॉयलेट कुठे,
आणि हे संपणार कधी.

त्यामुळे एकही फिल्म मी सलग पाहिलेली नाही.
एक तुकडा सकाळचा, एक जेवणानंतरचा,
मध्ये शाळेची सहल, मध्ये कुणाची निथळती छत्री.
ठिगळाला ठिगळ जोडत गेले.
माझ्या डोक्यात अजून एक घोडा आहे
ज्याचा शेवट दुसऱ्याच फिल्ममधला,
आणि एक समुद्र, भलत्याच बाईच्या आवाजात बोलणारा.

जानेवारीत पाइप फुटले. भिंतीच्या आत बर्फ.
गॅलरीनं दाराला कुलूप घातलं
आणि फिल्म्स ऑनलाइन सोडून दिल्या, घरोघरी,
एकेक दोन दिवसांपुरती.
मला पत्र आलं: प्रिय इर्मेली, पगार अर्धा,
खुर्चीची तूर्तास गरज नाही.

म्हणून ही आता स्वयंपाकघरातली खुर्ची. चारही पाय सारखे.
लॅपटॉपच्या फटींत राईच्या पावाचा चुरा,
छतावर रौनोचा व्हॅक्युम क्लीनर, रोज सातला, नेमानं.
पडद्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं:
आत्ता पाहणारे: सात.
एक मी.
उरलेल्या सहांत कलाकाराची आई नक्की असणार.

पहिल्या रात्री बटाटा.
सालं जमिनीवरून उठतात, सुरीला बिलगतात,
वळसे घेत बटाट्याच्या अंगावर परत चढतात.
शेवटी तो आख्खा, मातीनं माखलेला,
एका म्हाताऱ्या तळहातावर,
आणि तो हात त्याला वाफ्यात ठेवतो,
झोपलेलं पोर खाली ठेवावं तसा, श्वास रोखून.
ही फिल्म कधीकाळी महिनाभर माझ्या पाठीशी चालू होती.
मला वाटायचं, ती सुरीबद्दल आहे.

दुसऱ्या रात्री नुसता काळोख आणि धुक्यातला भोंगा.
त्या काळ्यात मी दिसले, माझ्यामागे किटली.
गॅलरीतला पडदा असं काही परत देत नसे.

तिसरी साना किवेलाची.
ही मुलगी आठवते मला. महिनाभर यायची,
तोंडात लवंग, हातमोजे विसरून जायची.
कॅमेरा छताच्या तुळईला बांधला होता तिनं,
आणि ‘चित्रीकरण चालू आहे’ ही पाटी
दारावर मीच ठोकली होती, दोन खिळ्यांनी.
सवयीनं दोन दिवसांत ती दिसेनाशी झाली.

फिल्ममध्ये काही घडत नाही.
रिकामी खोली. माणसं येतात, भिंतीला टेकतात, जातात.
दाराशी एक बाई अंधारात चाचपत मोजा विणते आहे.
टाका सुटला की ओठ हलतात.
आमची आई अशीच शिव्या द्यायची, बिनआवाजाच्या.

मग खोली रिकामी होते.
बाई लोकर खाली ठेवते. दाराबाहेर डोकावते. एकदा, पुन्हा एकदा.
चालत जाते पडद्यापर्यंत
आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवते.
मान हातावरून वाहत राहते.
ती पापणीही लववत नाही.

एकदाच नव्हे.
सानानं सगळे मंगळवार जोडले आहेत.
हिवाळी कोटातली मी, उन्हाळी चपलांतली मी,
हात तोच, खाली घोडा, राख, पाणी, कुणाचीतरी पाठ.

मी थांबवण्याचं बटण शोधलं, आणि दाबलं नाही.
आत्ता पाहणारे: एकोणीस.
चहा केव्हाच गार झाला होता.
छतावरचा व्हॅक्युम बंद होता,
कधीपासून, ते लक्षात नाही,
आणि साडेसात अजून वाजायचे होते.